तलाव कोणत्या विषयात येतो?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 

समितीच्या पोरांनी मला चिठ्ठीवर विषय लिहून दिला. ‘गुंतागुंतीचे प्रश्न सोडविण्यासाठी आंतरविद्याशाखीय विचाराचे महत्त्व.’ मी घरी ती चिठ्ठी मोठ्याने वाचली. घरातून आवाज आला, “एवढा मोठा शब्द म्हनेपर्यंत तं चहा थंडा होऊन जाईल!” तेव्हा मित्रहो, हा शब्द आपण आज एकदाच उच्चारू आणि बाजूला ठेवू. त्याचा अर्थ मात्र सोडायचा नाही. अर्थ साधा आहे. जगातले प्रश्न शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाहीत. पहिला तास गणिताचा, दुसरा विज्ञानाचा, तिसरा नागरिकशास्त्राचा, अशी घंटा आयुष्यात वाजत नाही. प्रश्न येतो तेव्हा सगळे विषय एकदम घेऊन येतो. म्हणून त्याच्याकडे बघायलाही अनेक विषयांचे डोळे लागतात.

मी गणिताचा मास्तर. शाळेत असताना एकदा मी पोरांना विचारले होते, “तलाव कोणत्या विषयात येतो रे?” एक म्हणाला, “भूगोलात, सर.” दुसरा म्हणाला, “विज्ञानात.” एका मुलीने सांगितले, “मामा तलाव म्हणजे मामाच्या गावचा तलाव, म्हणून तो मराठीच्या निबंधात येतो.” वर्ग हसला, मीही हसलो. पण पुढे आमच्या गावच्या तलावाने मला जो धडा शिकवला, तो शिकल्यावर वाटते की त्या दिवशी मला स्वतःलाच उत्तर ठाऊक नव्हते.

आपला भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे मोठ्यांना ठाऊकच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी यांतले अनेक तलाव बांधले. साकोलीकडचा शिवनीबांध बघा, किंवा १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेला आणि आता गोंदियात गेलेला नवेगावबांध बघा. त्या लोकांजवळ कॉलेजची पदवी नव्हती. पण जमिनीचा उतार कुठून कुठे आहे, पाणी कुठे थांबेल, पाळीला कोणती माती लागेल, सांडवा कुठे ठेवावा, हे त्यांना नेमके कळत होते. पावसाळ्यात साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. तो चार महिन्यांत येतो आणि निघून जातो. भारी धान मात्र दिवाळीपर्यंत पाणी मागतो. या दोन गोष्टींची सांगड तलावाने घातली.

आता माझ्या गावची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण ही एकाच गावाची गोष्ट नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या तलावाच्या खोलीकरणाचे काम मंजूर झाले. तलावात गाळ भरला होता, कडेने बेशरम माजली होती. सगळ्यांना आनंद झाला. ग्रामसभा भरली. साहेबांनी नकाशा दाखवला. इतके घनमीटर गाळ निघेल, इतके पाणी वाढेल. मी आकडेमोड तपासली. गुणाकार बरोबर होता. मी उभा राहून सांगितले, “हिशोब पक्का आहे.”

तेव्हा मागच्या बाजूला बसलेला एक म्हातारा ढीवर उठला. जन्म त्याचा त्या पाण्यात गेलेला. तो म्हणाला, “मास्तर, गार काढा, पन पोट नोका फोडू. पार फुटली तं दिसते, पोट फुटलं तं दिसत नाही.” त्याला पुढे बोलायचे होते. मी त्याला थांबवले. मी म्हणालो, “बाबाजी, हे हिशोबाचे काम आहे. त्यातले तुम्हाला समजणार नाही.” लोक हसले. म्हातारा खाली बसला.

उन्हाळ्यात यंत्रे आली. जिथे यंत्राला सोयीचे तिथे खोल खोदले. कुठे वीतभर, कुठे दोन पुरुष. वरचा गाळ निघाला, आणि त्याच्याखाली जो चिकट मातीचा थर पिढ्यान् पिढ्या दबून बसला होता, तोही काही ठिकाणी निघाला. खाली मुरूम लागला. पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला. आम्ही पाळीवर जाऊन नारळ फोडला. पण दसरा झाला तसे पाणी उतरू लागले, आणि दिवाळीच्या आधीच तलाव अर्ध्यावर आला. मुरमातून पाणी खाली जिरत होते. शिवाय जे पाणी खड्ड्यांत उरले होते, ते नहरात येईना. कारण काय? पाणी सोडायची मोरी वर आणि खड्डे खाली. मोरीच्या तळापेक्षा खालचे पाणी आपोआप नहरात चढत नाही. कागदावर पाणी वाढले होते, बांधीत मात्र ते पोहोचत नव्हते. मी घनमीटर मोजले होते. ते घनमीटर कोणत्या पातळीवर आहेत, हे विचारायचे मला सुचले नव्हते.

धान निसवला आणि पाणी संपले. नहराच्या तोंडाजवळच्या बांध्या कशाबशा निभावल्या. शेपटाकडच्या बांध्यांत दाणा भरला नाही, लोंबीत पोचटच राहिला. आणि शेपटाला जमीन कोणाची होती? आपल्याच वस्तीतल्या एक-दोन एकरवाल्यांची. ज्यांच्या आईबापांनी दुसऱ्याच्या बांधीत रोवणा करून, पैसा पैसा जोडून ती जमीन घेतली होती. एका घरची पोरगी तेव्हा नर्सिंगला जाणार होती. त्या वर्षी ती गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ढीवरांच्या जाळ्यात मासा कमी आला. मरळ, मागूर अशी देशी मासळी उथळ काठाला, पाण्यातल्या गवतात अंडी घालते. यंत्राने काठ उभा कापला, गवत उपटून गेले, मासळीची पाळण्याची खोलीच गेली. जनावरे पाण्यावर उतरताना घसरू लागली. बायांचा धुण्याचा घाट राहिला नाही. आणि बेशरम? ती तर वरून कापली होती. तिचा तुकडा जिथे पडतो तिथे तो पुन्हा फुटतो. ती दुप्पट आली.

मित्रहो, यात साहेब खोटा नव्हता. ठेकेदाराने काम केले होते. माझा गुणाकार चुकला नव्हता. मग चूक कुठे झाली? प्रश्नच अर्धा विचारला होता. आम्ही विचारले, ‘तलावात पाणी किती मावेल?’ विचारायला हवे होते, ‘तलाव कोणाकोणाचे आणि कसे पोट भरतो?’ पहिल्या प्रश्नाला एक अभियंता पुरतो. दुसऱ्या प्रश्नाला माती ओळखणारा लागतो, मासळीची वीण ओळखणारा लागतो, धानाला कोणत्या पंधरवड्यात पाणी हवे हे सांगणारा शेतकरी लागतो, घाटावर रोज उतरणारी बाई लागते, आणि शेपटाकडच्या बांधीचा मालकही लागतो.

आणि कायदा जाणणाराही लागतो. तो का, ते ऐका. तेव्हा आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि १९५१ मध्ये तलाव सरकारकडे आले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मासळीचा विषय मत्स्य खात्याचा, बुडीत जमिनीचा महसूल खात्याचा. तलावात पाणी जिथून येते ते जंगल वन खात्याचे. गावाचा निस्तार कुठे, हे निस्तारपत्रकात लिहिलेले, आणि ते पत्रक कोणत्या दप्तरात बांधलेले, ते कोणी सांगेना. पाणी एकच आहे, पण त्याची पाच दप्तरे झाली. वरचे जंगल तुटले तर खाली गाळ येतो. बांधीतला युरिया वाहून तलावात आला तर नको ती वनस्पती माजते. म्हणजे एका दप्तरातला रोग दुसऱ्या दप्तरात दिसतो, आणि दवा तिसऱ्याच दप्तरात असते.

इथे कोणी म्हणेल, मास्तर, मग जुने तेच चांगले होते, मालगुजाराच्या काळात तलाव कसे भरलेले असत! नाही, बंधू-भगिनींनो. इथे आपण सावध राहिले पाहिजे. जुनी पाळ चांगली होती, म्हणून जुनी व्यवस्था चांगली होती असे होत नाही. ती पाळ कोणाच्या घामाने बांधली गेली, आणि पाणवठ्यावर आपल्या माणसांना कुठे उभे राहावे लागे, हे ज्यांनी सोसले त्यांची नातवंडे इथे बसली आहेत. म्हणून पाण्याच्या शास्त्रात समाजशास्त्र घातलेच पाहिजे. तलाव भरला तरी पाणी कोणाला, हा प्रश्न उरतोच. आणि हा प्रश्न आपल्याला ज्यांनी शिकवला, त्यांनी तो एका तलावाच्या काठावरच शिकवला.

महाडचा चवदार तळे सत्याग्रह आपल्याला तोंडपाठ आहे. २० मार्च १९२७. पण आज मी तुम्हाला तो वेगळ्या अंगाने बघायला सांगतो. बाबासाहेबांनी तो प्रश्न किती विषयांनी सोडवला ते मोजा. पहिला विषय, कायदेमंडळ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तळे खुले असल्याचा ठराव केला. कागद झाला, पण पाणी मिळाले नाही. दुसरा विषय, संघटन. माणसे जमवली, शिस्तीने तळ्यापर्यंत नेली, ओंजळीने पाणी प्यायले. तिसरा विषय, धर्म. विरोधकांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या घागरी ओतून तळे शुद्ध करून घेतले, तेव्हा बाबासाहेबांनी ओळखले की कुलूप पाण्याला लागलेले नाही, ते मनाला लागलेले आहे. म्हणून २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचे दहन झाले. चौथा विषय, इतिहास. त्याच परिषदेत त्यांनी १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेचा दाखला दिला. महाडचे तळे आणि फ्रान्सची क्रांती! ते अंतर त्यांच्या बुद्धीने एका पावलात ओलांडले.

आणि पाचवा विषय, न्यायालय. विरोधकांनी दावा लावला की तळे आमचे खासगी आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. ही लढाई दहा वर्षे चालली. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि तो आपल्या बाजूने लागला. त्या निकालातली एक गोष्ट मला गणिताचा मास्तर म्हणून फार आवडते. न्यायालयाने तळ्याच्या आकाराचा विचार केला, आणि आजूबाजूला घरे कधी आली याचाही केला. तळे मोठे, पावसाच्या पाण्याचे. त्याच्याभोवती सवर्णांची घरे होण्यापूर्वी ते पाणी राखून ठेवायचा प्रयत्न कोणी केला असेल का, अशी शंका न्यायालयाने घेतली. अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही. म्हणजे गाव कसे वसले याचा भूगोल कायद्याच्या मदतीला धावला. नुसता मोर्चा असता तर दावा हरला असता. नुसता दावा असता तर माणसे उठली नसती. आणि नुसता ठराव कपाटात पडून राहिला असता.

बाबासाहेबांच्या शिक्षणाकडे पाहा. आपण त्यांच्या पदव्या मोजतो. पण ते काय काय शिकले ते मोजत नाही. कोलंबिया विद्यापीठात, १९१३ ते १९१६ या काळात, त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४. वर फ्रेंच आणि जर्मन भाषाही घेतल्या. एवढे कशाला? हौस म्हणून? मला वाटते, त्यांच्यासमोर जो प्रश्न होता, तो एका विषयात मावतच नव्हता. जात ही अर्थशास्त्रात आहे का? आहे. धर्मात आहे का? आहे. कायद्यात, राजकारणात, लग्नात, स्वयंपाकघरात आहे का? सगळीकडे आहे. मग तिला पकडायला एका दरवाजावर उभे राहून कसे चालेल?

९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवर जो निबंध वाचला, तो मानववंशशास्त्राच्या वर्गात वाचला. पण त्यातली युक्ती पाहा. जात म्हणजे जातीच्या आत लग्न करण्याची सक्ती. ती टिकवायची तर जातीत स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या जुळलेली राहिली पाहिजे. नवरा मेला तर बाई जास्त होते, बायको मेली तर पुरुष जास्त होतो. मग सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या रूढी त्या बेरीज-वजाबाकीतून येतात. चोवीस-पंचवीस वर्षांच्या तरुणाने मानववंशशास्त्राच्या वर्गात गणित मांडले, आणि त्यातून बाईचे दुःख बाहेर काढून दाखवले!

१९१८ मध्ये त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिले. विद्वान म्हणत होते, तुकडे जोडा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेब म्हणाले, जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिच्यावर किती भांडवल आणि किती मेहनत लागते यावर ठरते. शेतीवर रिकाम्या हातांचा भार आहे, आणि त्याचा उपाय शेताच्या धुऱ्याबाहेर, उद्योगधंद्यात आहे. शेतीचा रोग आणि कारखान्यात दवा! एकाच विषयात मान घालून बसणाऱ्याला हे दिसत नाही.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे व वीज ही कामे त्यांच्या खात्याकडे होती. १९४३ मध्ये बंगालमध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. साधा माणूस म्हणेल, पूर आला तर काठाला बांध घाला. बाबासाहेबांची भूमिका अशी होती की नदी एक आहे तर तिची योजनाही एकच असली पाहिजे, पूर रोखणारी, शेतीला पाणी देणारी, वीज देणारी आणि नावा चालवणारी. १९४५ मध्ये कलकत्त्याला आणि पुढे कटकला झालेल्या परिषदांत त्यांनी हेच मांडले. १९४८ च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. बहुउद्देशीय प्रकल्प हा शब्द आज शाळेच्या पुस्तकात आहे. त्या शब्दामागे चवदार तळ्यावर ओंजळ भरणारा माणूस आहे, हे पुस्तक सांगत नाही. आपण मुलांना सांगितले पाहिजे.

असा माणूस मे १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्यात लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभा होता. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्यांच्यासाठी पायपीट केली. ते हरले. जगातल्या एवढ्या विद्या ज्याच्याजवळ होत्या, त्याला आपल्या जिल्ह्याने परत पाठवले, याचा सल आहे. पण सल ठेवून भागत नाही. ते परत गेले, त्यांची विचार करायची रीत आपल्याकडेच राहिली आहे. ती आपण वापरतो का?

आता तथागतांकडे येतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण काय दिले? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले म्हणून तो घर सोडून गेला, ही कथा त्यांनी मान्य केली नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला. शाक्य आणि कोलिय, दोघांची शेती एकाच नदीवर. सेनापती म्हणाला, युद्ध करा. सिद्धार्थ म्हणाला, आधी चौकशी करा, दोष कोणाचा ते पाहा. दोन माणसे आपली, दोन त्यांची, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, यांनी तंटा मिटवावा. संघाच्या बहुमताने ते मानले नाही, आणि सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली. पाण्याचा प्रश्न सेनापतीच्या हातात दिला तर तो युद्धाचा प्रश्न होतो. कारण सेनापतीजवळ तेवढाच विषय असतो.

आणि घर सोडल्यावर सिद्धार्थाने काय केले? तो आळार कालामांकडे शिकला, उद्दक रामपुत्तांकडे शिकला, कठोर तप करून पाहिले. ज्याच्याजवळ जे होते ते पूर्ण शिकला, आणि कोणत्याही एका ठिकाणी थांबला नाही. पुढे त्यांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. सोप्या भाषेत म्हणजे, कारणाशिवाय काही घडत नाही, आणि एकटे एक कारण सगळे घडवत नाही. आमच्या तलावाला हे किती लागू पडते! पाऊस, जंगल, माती, मोरी, मासळी, कायदा, जात, सगळे एकमेकांना धरून आहे. एक धागा ओढला की दुसरा ताणतो.

पण इथे तरुणांना एक सावधगिरीची सूचना. अनेक विषय म्हणजे सगळ्यातले थोडे थोडे, असे समजू नका. आजकाल मोबाईलवर चार ओळी वाचून प्रत्येक विषयात पंडित होणारे आपण पाहतो. बाबासाहेब आधी एका विषयात तळापर्यंत गेले. १९२३ मधला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ पाहा. विहीर खोल खणली म्हणूनच तिला बाजूचे झरे लागले. तेव्हा आपला विषय पक्का करा. अभियंता व्हाल तर मोरीची पातळी डोळे मिटून सांगता आली पाहिजे. मात्र आपल्या विषयाची हद्द कुठे संपते हेही ठाऊक असू द्या, आणि तिथे पोहोचल्यावर शेजारच्याला विचारायची लाज वाटू देऊ नका.

आणि शेजारचा म्हणजे पदवीवालाच असे नाही. ही माझ्या बोलण्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून ती शेवटी ठेवली. त्या ग्रामसभेत मी म्हाताऱ्या ढीवराला काय म्हणालो? “तुम्हाला समजणार नाही.” हे वाक्य मी कुठे शिकलो होतो? हे आपल्या बापजाद्यांना हजारो वर्षे ऐकवले गेलेले वाक्य आहे. ज्यांना ते ऐकवले गेले, त्यांच्याच पोटी जन्मलेल्या, बाबासाहेबांमुळे दोन अक्षरे शिकलेल्या माणसाने ते दुसऱ्या गरिबाला ऐकवले. तलावाचे पोट फुटले ते यंत्राने. पण त्याच्या आधी ते माझ्या तोंडाने फुटले होते. हे कबूल करायला मला बरीच वर्षे लागली. आज विहारात, बुद्धमूर्तीसमोर कबूल करतो.

त्या वाईट हंगामानंतर मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली. ते म्हणाले, “जाऊ द्या मास्तर, आता पुढचं पाहू.” मग पाळीवर बैठका झाल्या. त्यात ढीवर होते, कोहळी होते, आपले लोक होते, बाया होत्या, आणि नवीन आलेले एक तरुण अभियंताही होते. ते वहीत लिहून घेत, हे विशेष. जिथे मुरूम उघडा पडला होता तिथे चिकणमाती आणून दाबली. काठाचा उतार पुन्हा सपाट केला. बेशरम मुळासकट, हाताने, पावसाच्या आधी काढली. आपल्या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर बांधवांसोबत अनेक वर्षे अशी कामे केली आहेत, बेशरम काढणे, तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावणे. त्यांच्या वाटेने आम्हीही शेजारच्या तलावातून रोपे आणून लावली. नहराच्या पाण्याची पाळी शेपटाकडून सुरू करायचे ठरले. त्यावर दोन बैठका भांडणात गेल्या, हेही खरे. तलाव पूर्ण सुधारला असे मी सांगणार नाही. मागच्या हंगामात शेपटाकडच्या बांध्यांत दाणा भरला, एवढे सांगतो. आणि ती नर्सिंगची पोरगी दोन वर्षे उशिरा का होईना, शिकून आली. आज ती इथेच बसली आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

आता विहार समितीला एक विनंती. आपण दर रविवारी वंदनेला जमतो. वंदना झाल्यावर महिन्यातून एक रविवार एका प्रश्नासाठी ठेवा. एकच प्रश्न घ्या. तलाव घ्या, दारू घ्या, पोरींचे शिक्षण घ्या, वस्तीतली गटारे घ्या. त्या दिवशी वकिलीला शिकणारा पोरगा, आशा वर्कर बाई, शेतकरी, वीज मंडळातला भाऊ आणि रोवणीला जाणारी मावशी, सगळे गोल बसा. एक नियम ठेवा. ज्याचे शिक्षण सर्वांत कमी, त्याने सर्वांत आधी बोलायचे, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत मास्तरांनी तोंड उघडायचे नाही. हा नियम मी माझ्यासाठीच सुचवतो आहे.

बालमित्रांनो, आता तुम्हाला पुन्हा विचारतो. तलाव कोणत्या विषयात येतो? घाईने उत्तर देऊ नका. आज संध्याकाळी पाळीवर जा, तिथे जो कोणी जाळे विणत बसला असेल त्याला विचारा, आणि मग मला येऊन सांगा.



भवतु सब्ब मंगलम्. नमो बुद्धाय! जय भीम!